गेटपासावरचा खंडेराव

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत सहादू गांगुर्डेचा ‘गोदा फोटो स्टुडिओ’ होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर दोन खोल्या. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर कुणी कधी न पाहिलेला बगीचा, एक लाकडी खुर्ची आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. मागची खोली म्हणजे डार्करूम. एकाहत्तर साली त्यानं दुकान मांडलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि गावात फोटोवाल्यांचा काही दुष्काळ नव्हता. पण सहादूची तऱ्हा न्यारी. बाकीचे फोटोवाले गिऱ्हाईक हसलं की बटण दाबायचे. हा पठ्ठ्या गिऱ्हाईक हसून हसून दमलं तरी खिडकीतल्या उजेडाकडे बघत उभा.

त्याला वेड होतं फिल्मचं. काळ्यापांढऱ्या फिल्मचे प्रकार त्याच्या बोलण्यात नात्यातल्या माणसांसारखे यायचे. पंचवीसची, सव्वाशेची, चारशेची. हे आकडे फिल्मच्या वेगाचे. पंचवीसची सगळ्यांत मंद. तिला उजेड फार लागायचा, बसणाऱ्याला श्वास धरून बसावं लागायचं, पण प्रिंट अशी यायची की लुगड्याचा धागा न् धागा मोजून घ्यावा. चारशेची चपळ, अंधाऱ्या खोलीतही काम भागवायची, पण फोटो मोठा केला की सगळ्यावर रवा सांडल्यासारखा दाणा दिसायचा. सव्वाशेची या दोघींच्या मधली, रोजच्या पोटापाण्याची. सहादू एकच माणूस, एकाच खुर्चीत, एकाच वेळी तिन्ही फिल्मांवर टिपायचा. मग तिन्हींतला एकच तुकडा, समजा डोळ्याचा कोपरा, एकाच मापाला मोठा करायचा आणि प्रिंटा शेजारी शेजारी ठेवून त्यांवर भिंग धरून बसायचा. कुठली जास्त रेखीव, कुठल्या फिल्मचा दाणा बारीक, कुठे काळा रंग खरा काळा उतरलाय. बायको वत्सलाबाई त्याला म्हणायची, तुम्ही माझ्याकडे बघता की माझ्या फोकसकडे? तो हसून मान खाली घालायचा, कारण खरं काय ते त्यालाही माहीत होतं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात एक दिवस दुपारी लंकाबाई दुकानात आली. पालेभाजी विकणारी, दिंडोरीकडची, पंचेचाळिशीची. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा खंडेराव काविळीनं गेला होता. तो देवळाली कॅम्पात एका मेसमध्ये भांडी घासायला होता. कॅम्पाच्या फाटकातून आत जायला त्याला एक पास मिळाला होता, त्यावर टपालाच्या तिकिटाएवढा फोटो. खंडेरावाचा आयुष्यातला एकुलता एक फोटो. तो परत करायला हवा होता, पण लंकाबाईनं पास हरवला म्हणून सांगितलं आणि लुगड्याच्या गाठीत लपवून ठेवला. मेसवाल्यांनीही फार ओढून धरलं नाही.

तिला जोडफोटो हवा होता. त्या काळी ही रीतच होती. नवराबायकोपैकी एक गेलं आणि दोघांचा मिळून फोटो कधी काढलेलाच नसला, की राहिलेलं माणूस स्टुडिओत येऊन बसायचं. फोटोवाला गेलेल्याचा जुना फोटो मोठा करायचा, दोन प्रिंटा कापून शेजारी चिकटवायचा, सांधा पुसायचा आणि त्याचा पुन्हा एक फोटो घ्यायचा. भिंतीवर जोडपं नांदू लागायचं. बाईच्या कपाळावर कुंकूही ब्रशनं लावून द्यायचं, कारण फोटोत नवरा जिवंतच असे.

“मला त्यायचा चेहरा इसरायला व्हतंय भाऊ,” लंकाबाई म्हणाली. “सकाळी याद येतो, सांजंपातूर पुसट व्हतो. त्याच्या आत करून दे.”

सहादूनं पासावर भिंग धरलं. फोटो घामानं पिवळा पडलेला, आणि रबरी शिक्क्याची जांभळी शाई थेट गालावर आलेली. काम नाजूक होतं आणि त्याला नाजूक कामाचा सोस. त्यानं सांगितलं, मावशी, पंधरा दिवस द्या, असा करून देतो की बघत राहाल.

आता हे कुठल्याही फोटोवाल्याला झोपेत विचारलं तरी सांगता येईल, की जुना फोटो हातात आला की आधी त्याची नक्कल घ्यायची, मग बाकीचे उद्योग. सहादूलाही ते ठाऊक होतं. कॅमेऱ्यात सव्वाशेची फिल्म भरलेली होती. दोन मिनिटांचं काम. पण तिकिटाएवढा फोटो भिंतीएवढा करायचा तर सव्वाशेचा दाणा वर येणार, आणि पंचवीसची फिल्म मुंबईहून यायची होती. येईलच आठवड्याभरात. सव्वाशेवर नक्कल घेणं म्हणजे त्याला हलकं काम वाटलं. त्यानं ठरवलं, तोवर शाईचा डाग उडवून ठेवू, फिल्म आली की स्वच्छ फोटोची एकदाच अव्वल नक्कल घेऊ.

डाग उडवायचं द्रावण त्यानं सौम्य केलं होतं. पण मे महिना, आणि नळाचं पाणी टाकीत तापून आलेलं. पास तसराळ्यातल्या द्रावणात सोडला आणि तेवढ्यात बाहेर वऱ्हाडातली मंडळी आली, नवरानवरीचा फोटो काढायला. तो दहा मिनिटांत येतो म्हणून गेला तो पडदा सरकवण्यात, नवरीची हनुवटी वर करण्यात अर्धा तास रमला. परत आला तेव्हा तसराळ्यात खंडेरावाचा चेहरा दुधावरच्या सायीसारखा सुटून वर तरंगत होता. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा सगळा थर. सहादूनं ब्रशच्या टोकानं तो उचलायला पाहिला. थर दुमडला, त्याची बारीक गोळी झाली, आणि पाण्यात विरघळल्यासारखी दिसेनाशी झाली. पासावर उरला तो पांढरा कागद, खाली सदऱ्याची कॉलर, एक बटण, एक खांदा. आणि शिक्क्याची जांभळी शाई. ती खाली कागदात मुरलेली होती, ती तेवढी जागच्या जागी राहिली.

सहादू बाहेर गेलाच नाही. तो डार्करूममध्ये स्टुलावर बसून राहिला. बाहेर वऱ्हाडातलं कुणीतरी विचारत होतं, फोटो कधी मिळतील.

पंधरा दिवसांनी लंकाबाई आली. त्याच सकाळी त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं, सरळ सांगून टाकायचं, पाय धरायचे. पण ती आली ती हसत, हातात मेथीची जुडी घेऊन, आणि जुडी टेबलावर ठेवून म्हणाली, तुमच्यासाठी कवळी बघून आणली. सहादूच्या तोंडून निघालं, फिल्म अजून यायचीय मावशी. आणि पास नीट ठेवलाय ना विचारल्यावर, हो, कपाटात आहे. दोन्ही वाक्यं खरीच होती. खोटं बोलायला सुरुवात करताना माणूस आधी खरीच वाक्यं वापरतो, नाही का? आपल्याला त्याचं काही वाटत नाही म्हणून तर ते जमतं.

मग सुरू झालं ते सहा वर्षं चाललं. सोमवारी बाजारात गर्दी कमी, त्या दिवशी दुपारी लंकाबाई यायची. आल्यावर सहादू तिला खुर्चीत बसवायचा. नवी फिल्म आलीय, तिच्यावर तुमचा फोटो बघू कसा येतो. कारण त्याचं एक ठरलेलं होतं, की दोघांचा फोटो एकजीव दिसायला दोघांचा दाणा जुळला पाहिजे. ती मान डोलवायची. पहिल्या वेळेला त्यानं तिला बसवलं ते निव्वळ वेळ मारून नेण्यासाठी. पण निगेटिव्ह धुऊन बघतो तर काय, अशी बसणारी बाई त्याला आजवर भेटलीच नव्हती. गिऱ्हाइकाची वाट बघत तास न् तास बसायची बाजारातली सवय. पंचवीसच्या फिल्मला अर्धा सेकंद लागला तरी पापणी हलायची नाही. उन्हानं रापलेली कातडी, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं बारीक विणकाम. फिल्मची परीक्षा घ्यायला याहून चांगला चेहरा कुठे मिळणार?

आणि इथं सहादूचं दुसरं पाप सुरू झालं. पहिल्याला निदान अपघात म्हणता येत होतं. तो लंकाबाईला खरोखरच बोलावू लागला. मुंबईहून नवी फिल्म आली की बाजारात निरोप जायचा, मावशीला म्हणावं सोमवारी या. बिचारी हातातलं गिऱ्हाईक सोडून यायची, केस पाण्यानं चापून बसवायची, धुतलेलं पांढरं लुगडं नेसायची. तिला वाटायचं, मालकांच्या शेजारी बसायचं म्हणून चाललंय हे सगळं. डार्करूमच्या भिंतीवर तिच्या डोळ्याचे कोपरे टांगलेले होते. पंचवीसचा, सव्वाशेचा, चारशेचा, खाली पेन्सिलीनं तारखा. गावातले इतर फोटोवाले येऊन बघायचे, भिंग लावून वाहवा करायचे. सहादूला तेवढा वेळ बरं वाटायचं. मग ते गेले की कपाटाकडे लक्ष जायचं. कपाटात पास होता, पाकिटात, पाकीट वहीत, वही सगळ्यांत खाली.

दर सोमवारी मेथी यायची. वत्सलाबाई ती लसूण घालून परतायची आणि हा ताट सरकवायचा. पोट ठीक नाही म्हणायचा. सोमवारीच पोट कसं बिघडतं, असं वत्सलाबाईनं एकदा विचारलं. शंकराचा उपास धरलाय का चोरून? त्यावर हा इतका चिडला की ती बघतच राहिली. भाजीवर कुणी चिडतं का? पण त्याला ती भाजी गिळवत नव्हती, हे खरं. ती कशामुळे, हे सांगायचं धाडस त्याला बायकोपुढेही झालं नाही.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात लंकाबाई आली ती दाराच्या चौकटीला हात लावत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणसं धूर आल्यासारखी दिसतात म्हणाली. बाजारात सुटे पैसेही बोटांनीच ओळखायची. खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, आता फिल्म चांगली यायची वाट नको बघूस भाऊ, माझ्या डोळ्यात उजेड हाय तवर दे.

सहादूच्या काळजात चर्र झालं. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, एक विचारही येऊन गेला, की हिला आता धड दिसत नाही.

न नेलेल्या फोटोंची एक पेटी त्याच्याकडे होती. कॅम्पातले शिकाऊ जवान सुट्टीच्या दिवशी पंचवटीत यायचे, घरी पाठवायला फोटो काढायचे, आणि मध्येच बदली झाली की फोटो तसेच पडून राहायचे. त्यात एक चेहरा होता, साध्या पांढऱ्या सदऱ्यातला. गालाची हाडं वर आलेली, मिशी बारीक. पाकिटावर नाव नव्हतं, नुसता चारशे बाराचा आकडा. सहादूनं तो उचलला, परत ठेवला, परत उचलला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चांगल्या कामासाठी मुद्दाम चारशेची फिल्म घेतली. तिचा दाणा मोठा, म्हणून. पंचवीसच्या फिल्मवर परका माणूस परकाच दिसला असता. चारशेवर सगळं एका रव्यात मिसळलं, त्याचा गाल, हिचं लुगडं, मधला सांधा. वर अंमळ फोकसही त्यानं ढिला ठेवला. शेवटी ब्रशनं लंकाबाईच्या कपाळावर कुंकू लावलं. टिकली अगदी गोल आली.

लंकाबाईनं फ्रेम नाकाशी धरली, मग हातभर लांब धरली. काचेवरून बोट फिरवलं. आणि रडू लागली.

“हेच हाईत,” ती म्हणाली. “किती दिसांनी दिसलं.”

सहादूनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घाटावर जाऊन बसला. पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसला, पण बरं काही वाटलं नाही.

त्यानंतर लंकाबाईला त्यानं खुर्चीत कधी बसवलं नाही. भिंतीवरचे डोळ्यांचे कोपरे काढून पेटीत टाकले. नव्या फिल्मा येत होत्या, तो त्यांच्यावर सव्वाशेइतकीच माया करू लागला, म्हणजे पोटापुरती. मेथी मात्र येत राहिली. लंकाबाई बाजारात जाताना थांबायची आणि घरचं सांगायची. रोज सकाळी फोटोला, मालकांच्या बाजूच्या काचेवर, बोटभर गंध लावते. पित्तरपाटात त्यायच्यापुढं पान वाढते, अळूची भाजी, वडे, त्यायला आवडायचे तसे. आणि आता चेहरा इसरत नाय भाऊ, तुझे उपकार. हे ऐकताना सहादू टेबलावरची धूळ पुसायचा. टेबलावर धूळ नसायची.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात शहरात डोळ्यांचं शिबिर भरलं आणि लंकाबाईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. गल्लीतल्या कुसाबाईनं येऊन ही बातमी सांगितली तेव्हा सहादूच्या हातातून प्रिंटांचा गठ्ठा निसटला. पुढचे दोन महिने तो रस्त्यावर पांढरं लुगडं दिसलं की आत जायचा. वत्सलाबाईला वाटलं, कुणाचं देणं झालंय की काय. देणंच होतं, पण तिला वाटत होतं तसलं नव्हे.

फेब्रुवारीत एका सोमवारी दुपारी ती आली. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्यामागे डोळे एवढाले झालेले. काखेत फडक्यात गुंडाळलेली फ्रेम, हातात मेथी. जुडी टेबलावर ठेवली. खुर्चीत स्वतःच जाऊन बसली, तिची जुनी खुर्ची. दुकानभर नजर फिरवली आणि पडद्यावरचा बगीचा किती बेकार रंगवलाय म्हणून हसली. मग फडकं सोडलं.

तिनं विचारलं ते फार साधं होतं. मालकांच्या एका कानाची पाळी फाटलेली होती. लहानपणी बाळीत गुरांचं दावं अडकून फाटली होती. पासावरही ती दिसायची, लांबूनसुद्धा. इथं फोटोत दोन्ही कान धड आहेत. तू नवरानवरीचे डाग काढतोस तसा कानही नीट केलास का?

सहादूनं आयुष्यात इतकं सोपं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. प्रश्नातच ते आयतं बसलेलं होतं. त्यानं मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, हे त्यालाही कळलं नाही, पण तिनं ती हो अशी घेतली.

“चांगल्या मनानं केलं असशील,” ती म्हणाली. “पण मला तसाच पायजे. तेवढा कान पुन्हा फाडून दे.”

हे तर आणखी सोपं. निगेटिव्ह काढायची, टचिंगच्या काचेवर ठेवायची, पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा, नवी प्रिंट. एवढ्यानं हा माणूस कायमचा खंडेराव झाला असता. सहादूनं खरंच निगेटिव्ह शोधून काढली. काचेवर ठेवली. पेन्सिलीला टोक काढलं, ब्लेडनं, सुईसारखं. वाकला आणि तसाच थांबला.

कुठला कान? डावा की उजवा?

आपण त्या पासावर भिंग धरलं होतं. चांगली पाच मिनिटं धरलं होतं. फाटलेली पाळी तिथं होती, लांबूनही दिसणारी, आणि आपल्याला ती दिसली नव्हती. त्यानं विचारायला तोंड उघडलं, आणि ते उघडल्यावर पुढं काय होणार हे त्याला समजलं, तरीही त्यानं विचारलं.

“कुठला कान, मावशी?”

लंकाबाई चष्म्यातून त्याच्याकडे बघत राहिली. “पास तुझ्याकडंच हाय की. काढ ना, बघू दोघं.”

सहादूनं पेन्सिल खाली ठेवली. कपाट उघडलं, सगळ्यांत खालची वही काढली, वहीतून पाकीट, पाकिटातून पास, आणि तो तिच्या ओंजळीत ठेवला. मग तिच्यासमोर जमिनीवरच बसला आणि सगळं सांगितलं. तापलेलं पाणी, वऱ्हाड, सुटलेली साय. सहा वर्षं तिला बसवलं ते कशासाठी. आणि फोटोतला माणूस कोण, तर कोण ते ठाऊक नाही. सांगताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. एकदाही ‘माफ करा’ म्हटलं नाही, कारण तो शब्द त्याला लाज वाटण्याइतका लहान वाटला.

लंकाबाई पासावर वाकली होती. मग तिनं आधी विचारलं ते भलतंच.

“हा दुसरा जिता हाय का?”

सहादू म्हणाला, माहीत नाही.

“सा वर्सं त्याला पित्तर घातलंय मी,” ती म्हणाली. “कुणाच्या तरी जित्या लेकाला.” फ्रेम तिनं काचेची बाजू खाली करून टेबलावर ठेवली आणि खुर्चीतच अंग चोरून जरा लांब सरकली.

मग पुन्हा पास. तिच्या जाड भिंगांखाली कॉलर मोठी झाली असणार, कारण तिनं बोटाचं नख बटणावर अचूक टेकवलं. हे काळं बटण मी लावलं व्हतं, पांढरं मिळालं नाय म्हणून, असं ती म्हणाली, आणि किंचित हसलीसुद्धा. सहादूला ते हसू बघवलं नाही. तेरा वर्षांपूर्वी हा कागद आहे तसा तिच्या हातात दिला असता, तर त्या वेळी तिच्या मनात चेहरा होता. कॉलरीवर तिनं तो स्वतःच बसवला असता. नुसती कॉलर तिला पुरली असती.

“मी घरी डोळं मिटून बघितलं,” ती म्हणाली. “कान कुठला ते आठवावं म्हणून. डोळं मिटलं की हाच येतो आता. हा दोन धड कानांचा.” तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. “त्यायला शेवटचं बघितलं ते तूच. भिंगातनं. सांग की कसे व्हते.”

सहादूनं डोळे मिटले. मन लावून आठवलं. आणि त्याला सगळं आठवलं. मूळ प्रिंट फिकट होती, काळा रंग पुरता काळा नव्हता. दाणा मोठा, स्वस्तातल्या घाईच्या कामाचा. फोकस किंचित मागे, खांद्यावर गेलेला. डाव्या गालावर शाई, तिची कड पसरलेली, वरच्या कोपऱ्यात घामाचा पिवळा डाग. हे तो तिला सांगूही लागला, एकेक करून, जणू तिनं तेच विचारलं होतं.

“आन डोळं?” लंकाबाईनं विचारलं. “नाक?”

सहादूनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून उत्तरेचा उजेड येत होता, फोटोला सगळ्यांत चांगला.

“म्हंजे तूबी नाय बघितलंस,” ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. असता तर सहादूला निदान खाली मान घालून तो सोसता आला असता. ती उठली. त्यानं विचारलं, पंचवीसची फिल्म आहे आता माझ्याकडे, कॉलरीची तरी नक्कल काढून देऊ का, तुमच्यासमोर, या क्षणी. तिनं पास पदराच्या टोकाला बांधला, दोन गाठी मारल्या, आणि नको म्हणाली, आता हा कुणाच्या हातात नाय द्यायचा. फ्रेम तिथंच राहू दे, त्या माणसाचं कुणी आलं तर दे. दाराशी गेल्यावर चौकटीला हात लावायची तिला आता गरज नव्हती, पण सवयीनं तिनं लावला.

मेथीची जुडी टेबलावर तशीच होती. सहादूनं ती घरी नेली आणि वत्सलाबाईनं लसूण घालून परतली. त्यानं ताट सरकवलं नाही. पहिला घास तोंडात घालून तो तिच्याकडे बघत राहिला, इतका वेळ की ती म्हणाली, काय झालंय, असं काय बघताय? तिच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.